चिठ्ठ्यांच्या डब्याला पाच तारे, टेबलावरच्या वस्तूंना दोन

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता मी आणि नवरा चालवतो. मी डी. फार्म. आहे आणि दुपारी तीनपासून रात्री साडेनऊपर्यंत काउंटरवर मीच असते. हे आधीच सांगून टाकते, कारण खाली जे लिहिलंय ते आईपेक्षा काउंटरमागच्या बाईनं जास्त लिहिलंय.

कार्यशाळा मुलामुलींसाठी लैंगिक शिक्षणाची, दोन रविवारची. सकाळी दहा ते दीड, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. वय १४ ते १७. फी प्रत्येकी ९०० रुपये, त्यात उप्पीट आणि चहा. माझा मुलगा अकरावीत आणि थोरल्या जाऊबाईंची मुलगी बारावीत, दोघांना पाठवलं. मुलगा म्हणाला, "मम्मी, तू जिना चढायचा नाहीस." पुतणीनं विचारलं, "काकू, तिथं आपल्या ओळखीचं कोण नसेल ना?" होते. सांगलीत ओळखीचं कोणी नाही असं होतं का कुठं? आमच्याच गल्लीतली तीन मुलं निघाली. पहिला तासभर सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले होते म्हणे.

शिकवायला मिरजेच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई, एक तरुण समुपदेशक आणि तासाभरासाठी एक वकीलबाई. पालकांना आत घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पहिल्या रविवारी शेवटी पालकांचं वेगळं पाऊण तासाचं सत्र झालं. दुसऱ्या रविवारी गर्भनिरोधकांच्या सत्राला मी फार्मासिस्ट म्हणून मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मुलगा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

आधी चांगलं. फरसाणाचा रिकामा डबा, त्याला वरून चीर पाडलेली. सगळ्यांना सारखे कागद, सारखी पेन्सिल. युक्ती अशी की प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर काल काय जेवलात ते लिहा. त्यामुळे कोण खाली मान घालून काय लिहितंय ते शेजाऱ्याला कळत नाही. एकाहत्तर चिठ्ठ्या जमल्या, त्यातल्या बारा जेवणाच्या. पालकांच्या सत्रात त्यातल्या काही वाचून दाखवल्या, तेव्हा हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पाळीच्या दिवसांत संबंध आला तर दिवस राहत नाहीत ना? हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो का? दोन कंडोम एकावर एक घातले तर डबल सेफ्टी मिळते का? मोबाईलवर दिसतं तसंच सगळ्यांचं असतं का? तो फोटो मागतोय, नाही म्हटलं तर ब्रेकअप करीन म्हणतो, काय करू?

ही शेवटची चिठ्ठी ऐकून माझ्या शेजारचे एक गृहस्थ रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. त्यांना दोन मुली.

डॉक्टरबाईंची उत्तरं सरळ होती. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि या वयात पाळी मागेपुढे होतेच, त्यामुळे 'सुरक्षित दिवस' या हिशेबावर अजिबात राहू नका. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही. दोन कंडोम एकावर एक घातले तर घर्षणानं दोन्ही फाटायची शक्यता वाढते. समुपदेशकानं नकार कसा द्यायचा ते मुलामुलींकडून बोलून घेतलं आणि पुढे जाऊन नकार ऐकायचा कसा तेही करून घेतलं. दुसरा भाग मी आजवर कुठल्याच शाळेत ऐकला नव्हता. इथपर्यंत पाच तारे.

सुरुवातीला समुपदेशकानं रघुनाथ धोंडो कर्व्यांचीही गोष्ट सांगितली. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचा दवाखाना काढला, पुढे अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पोरांना खटल्याची गोष्ट आवडली. मला मात्र तिथंच २००७ आठवलं, आपल्या राज्यानं शाळेतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी घातली ते वर्ष. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि दुकानात कॉलेजची पोरं काउंटरवर बाई बघून परत फिरायची. अजूनही फिरतात. नवरा आत गोदामात असला तर बाहेर गाडीवर थांबतात.

वकीलबाईंबद्दल माझं मत अर्धंमुर्धं आहे. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, १८ वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची संमती कायदा धरतच नाही, दोघं एकाच वयाची असली तरी. हे पोरांना माहीत असायलाच हवं आणि त्यांनी ते नीट सांगितलं. पण त्यापुढे नुसतं पोलिस, पोलिस आणि पोलिस. असं ऐकलेली सोळा-सतरा वर्षांची पोरगी अडचणीत आली तर डॉक्टरकडे जाईल का? ती येते माझ्याकडे, संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर. मागच्या पावसाळ्यात एक आली, पाठीला कॉलेजची बॅग. म्हणाली, "पाळी यायची गोळी द्या." आमच्या धंद्यात या वाक्याचे दोन अर्थ होतात, लांबलेली पाळी आणणं किंवा गर्भ पाडणं, आणि दुसरा भलता धोक्याचा. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी कुणालाच देत नाही. किती आठवडे झालेत, गर्भ पिशवीतच आहे का, रक्तस्राव किती होईल, काहीच माहीत नसताना त्या घेणं जिवावर बेतू शकतं. मी तिला तपासणीची पट्टी दिली आणि ओळखीच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. तिनं विचारलं, "त्या पोलिसांना सांगतील?"

डॉक्टरला कळवावं लागतं, हे खरंच आहे. पण २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-ओळख देण्याची गरज नाही. गर्भपाताला पालकांची लेखी संमती मात्र लागते. हा दुसरा अर्धा भाग वकीलबाईंनी सांगितला असता तर मी त्यांना पैकीच्या पैकी दिले असते. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथं फुकट आणि एकट्यानं जाऊन बोलता येतं, याचाही कुणी उल्लेख केला नाही.

आता टेबल.

दुसऱ्या रविवारी सव्वाबाराला एका टेबलावर सगळं मांडलं. तांबी, माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट, छाया या गर्भनिरोधक गोळ्या, अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनची बाटली, ७२ तासांची म्हणजे संबंधानंतर घ्यायची गोळी, कंडोम. आणि वर ताकीद, हात लावायचा नाही. त्यातही मुलं आणि मुली वेगळ्या केल्या. मुलांना कंडोमबद्दल दहा मिनिटं, मुलींना गोळ्यांबद्दल दहा मिनिटं. मुलींनी कंडोम जवळून पाहिला नाही. मुलांना गोळी रोज घ्यायची असते की गरजेपुरती, हेही कळलं नाही. वर प्रत्येक वस्तूला "हे लग्नानंतर उपयोगी पडेल" अशी शेपूट. नंतर पडद्यावर लैंगिक आजारांचे फोटो, इतके की उप्पीट खाल्लेल्या एका मुलाला बाहेर न्यावं लागलं.

पडद्यावर एक आकडा होता: कंडोम ९८ टक्के परिणामकारक. आकडा खरा आहे, पण प्रत्येक वेळी अगदी बरोबर वापरला तरचा, तेव्हा वर्षभरात शंभरातल्या दोघींना दिवस जातात. लोक जसा वापरतात तसा धरला, म्हणजे कधी उशिरा, कधी उलटा, कधी दातानं फोडून, तर वर्षभरात शंभरातल्या साधारण तेरा जणींना दिवस जातात. दोन आणि तेरा यांच्यामधल्या अकरा जणी फक्त वापर नीट न जमल्यामुळे अडकतात. तो वापर शिकवायचा तर वस्तू हातात द्यायला नको का? सायकल टेबलावर ठेवून शिकवतात का कुणी?

७२ तासांच्या गोळीचंही तेच. "शेवटचा उपाय" एवढंच सांगितलं. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते, पोरं माझ्याकडूनच नेतात, म्हणून मला माहीत आहे की त्यांना काय माहीत नाही. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली, ७२ व्या तासाची वाट बघायची नसते. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. स्त्रीबीज बाहेर पडायचं लांबवणं हे तिचं मुख्य काम, आधीच दिवस गेले असतील तर ती काही करत नाही. त्याच पाळीत पुन्हा संबंध आला तर ती राखण करत नाही. आजारांपासून तर नाहीच. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करायची. हे सगळं सांगायला मला तीन मिनिटं लागतात, गिऱ्हाईक थांबलं तर. बहुतेक सुट्टे पैसेही न घेता पळतात.

सत्र संपल्यावर मी संयोजकांना विचारलं, पुढच्या बॅचला मुदत संपलेल्या कंडोमची पाकिटं मी आणून देते, पालकांची लेखी परवानगी घेऊन मोठ्या मुलामुलींना हाताळू द्या. ते म्हणाले, "मॅडम, आमची ना नाही, पण एक जरी तक्रार झाली तरी हॉल मिळायचा बंद होईल." त्यांची अडचण मला कळते. पटत नाही.

मग त्याच रात्री दुकान बंद केल्यावर घरी जेवणाच्या टेबलावर राहिलेला अभ्यास घेतला. आमच्या जाऊबाई सुरुवातीला म्हणाल्या, "अगं, दोघांना एकत्र कशाला?" मग त्याही येऊन बसल्या. पाकिटावरची तारीख कुठं असते, दाबून आतली हवा कशी बघायची, कडेनं बोटानं कसं फाडायचं, खिशात किंवा गाडीच्या डिकीत उन्हात का ठेवायचं नाही, तेल का लावायचं नाही. बाकीचं दाखवायला दुकानातल्या जुन्या खलाचा बत्ता घेतला. पुतणी हसून हसून खाली बसली, मुलाचे कान लाल. हसू ओसरल्यावर दोघांनी नीट प्रश्न विचारले. मुलानं विचारलं, "माला-एन खाल्ली की एड्सपण होत नाही का?" साडेतीन तासांचे दोन रविवार झाल्यावर हा प्रश्न शिल्लक होता.

तेवढ्यात आमचे मामा, म्हणजे सासरे, पाणी प्यायला आले. पंधरा पैशांना तीन निरोध विकलेला माणूस. आयुष्यभर ती पाकिटं 'पुढारी'च्या कागदात गुंडाळून, दोरा बांधून, मान वळवून दिली त्यांनी. टेबलावरचा बत्ता बघितला, तांब्या भरून घेतला आणि जाता जाता म्हणाले, "खल धुऊन ठेवा म्हणजे झालं."

तर एकूण साडेतीन तारे. चिठ्ठ्या आणि नकाराच्या सरावासाठी ९०० रुपये वसूल आहेत, घरात हे सगळं आईबापाला जमत नाही. गर्भनिरोधकांच्या भरवशावर मात्र पाठवू नका, तो भाग घरी घ्या किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून करून घ्या. काहीच जमलं नाही तर दुपारी साडेतीन-चारला आमच्या दुकानात पाठवा, तेव्हा गर्दी नसते. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे. हॉलला पार्किंग नाही आणि वरच्या मजल्यावर पाणी येत नाही, मुलींना पॅड बदलायला खाली यावं लागतं. अशा कार्यशाळेत निदान एवढं तरी बघायला हवं होतं.