हॅमस्ट्रिंग की हॉबल?

'निधी वेळेवर न आल्याने काम रखडलं' हे इंग्रजीत नेताना 'डिसेबल' म्हटलं की स्विच बंद केल्यासारखं वाटतं. 'क्रिपल' अपंगांना टोचणारा शब्द, तो आता बरेच जण टाळतात. उरतात हॅमस्ट्रिंग आणि हॉबल ही दोन क्रियापदं, दोन्ही जनावरांच्या पायाशी अडकलेली.

हॅमस्ट्रिंग करणं म्हणजे गुडघ्यामागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, तोडणं. 'हॅम' ही मुळात गुडघ्यामागची लवण. खायचं हॅम नंतरचं. शत्रूचे घोडे असे निकामी करत. बायबलमधला यहोशवा हेच करतो, फक्त १६११च्या इंग्रजी भाषांतरात त्यासाठी 'हॉक' हा जुना शब्द आहे.

हॉबल म्हणजे आपला पायबंद. घोडा चरतो, पण पळत नाही. १९१०च्या सुमारास घोट्याशी आवळलेले हॉबल स्कर्ट निघाले होते, त्यात बायकांना टिचभर पावलं टाकावी लागत.

मी बरीच वर्षं 'हॅमस्ट्रंग' (हॅमस्ट्रिंगचं भूतकाळी रूप) हेच वापरायचो. भारदस्त वाटतो, वर्तमानपत्रांनाही आवडतो. मग एका संस्थेचा वार्षिक अहवाल इंग्रजीत करून दिला आणि चिटणीसांचा फोन आला, "अहो, दुखापत कुणाला झाली?" क्रिकेट बघणाऱ्याला हॅमस्ट्रिंग म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? मांडीमागे हात धरून थांबलेला गोलंदाज, दोन-तीन आठवडे विश्रांती. मी शीर तोडण्याचा मूळ अर्थ सांगितला, तर म्हणाले, "मग तर नकोच. पैसे मार्चमध्ये येणार आहेत."

तिथेच माझं मन फिरलं. तुटलेली शीर सहजी जोडली जात नाही, पायबंद सोडता येतो. आपल्याकडची बहुतेक कामं पायबंदातलीच असतात. कायद्यातल्या एखाद्या कलमाने आयोगाचे अधिकारच काढून घेतले असतील, तर मात्र हॅमस्ट्रिंग शोभेल, नाही असं नाही.

हॉबलही अगदी निर्दोष नाही. कर्माशिवाय वापरला की तो नुसता 'लंगडत चालणे' होतो. म्हणून कशाने अडलं ते 'बाय' लावून सांगावं. 'नॉबल' नावाचं तिसरं भावंडही आहे, पण ते शर्यतीच्या घोड्याला काहीबाही चारण्यातलं. त्यात लबाडीचा वास येतो. निधीच्या वाक्यात नकोच.

अहवाल शेवटी 'हॉबल्ड' घालून छापला. चिटणीसांचा फोन आला नाही.