जुनी आरएक्स-७ की जुनी सुप्रा?

जपानमध्ये १९९० च्या दशकातील स्पोर्ट्स कूपे बाळगू इच्छिणाऱ्याला माझदाची तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ आणि टोयोटाची ए८० (म्हणजे चौथ्या पिढीची) सुप्रा यांत निवड करणे जड जाते. दोन्हींचे उत्पादन २००२ मध्ये थांबले. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

आरएक्स-७ च्या १३०८ सीसी रोटरी इंजिनात पिस्टन, व्हॉल्व्ह किंवा टायमिंग बेल्ट नाही. त्यांच्या जागी त्रिकोणी रोटर फिरतात. परंतु रोटरच्या टोकांवरील एपेक्स सील (गळती रोखणाऱ्या पट्ट्या) झिजले की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, उतरते आणि अखेर संपूर्ण इंजिन उघडावे लागते. या सीलना वंगण मिळावे म्हणून इंजिन थोडे ऑइल जाळतेच, त्यामुळे डिपस्टिक वरचेवर पाहावी लागते. इंजिन तापणे तर त्याला मुळीच सोसत नाही. रोटरीसाठीच्या खास यंत्राने कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय ही गाडी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सुप्राचे २९९७ सीसीचे, बिडाच्या ब्लॉकचे सहा सिलिंडर टर्बो इंजिन त्या मानाने फार सोशिक आहे. टायमिंग बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलावा लागतो, एवढेच.

करात चित्र उलटते. रोटरीची क्षमता दीडपट, म्हणजे १९६२ सीसी धरली जात असल्याने ती दोन लिटरच्या आतील गटात बसते. तेरा वर्षांवरील गाड्यांच्या वाढीव दराने तिला वर्षाला सुमारे ४५,४०० येन, तर सुप्राला ५८,६०० येन पडतात. हा फरक रोटरीच्या पेट्रोलात सहज संपतो. तरीही वळणावळणाच्या घाटरस्त्यावर मी हलक्या आरएक्स-७ चीच निवड करीन.