फ्रीबीएसडी १४ : लाइट आल्यावरची पहिली पाच मिनिटं (आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर)

आमच्या डीटीपी ऑफिसातल्या फाइल सर्व्हरवर गेले आठ-नऊ महिने फ्रीबीएसडी १४ ही लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम चालू आहे. काम साधंच. दिवसभर सांबावरून (नेटवर्कवर फाइली वाटणारं सॉफ्टवेअर) डिझाइनच्या फाइली सगळ्यांना पुरवायच्या आणि रात्री बॅकअप घ्यायचा. मशीन म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना ऑफिस पीसी, मदरबोर्डवर इंटेलचा नेटवर्क पोर्ट. एकदा चालू झाला की हा सर्व्हर कुरकुर करत नाही, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पण आमच्याकडे लाइट जाते-येते, आणि बूट होताना नेटवर्क अडलं की सगळं ऑफिस हात बांधून बसतं. त्या वेळी ही सिस्टीम कशी वागते आणि आपल्याला किती कळू देते, हेच मुख्यतः लिहितोय.

सुरुवातीचा त्रास असा. लाइट आली की पीसी आणि फायबरचा राउटर एकदमच सुरू होतात. पीसी मिनिटभरात तयार, राउटरला मात्र तीन-चार मिनिटं लागतात. गंमत म्हणजे राउटरच्या पोर्टचा दिवा लगेच लागतो. त्यामुळे आयएफकॉन्फिग ही नेटवर्क पोर्टची स्थिती दाखवणारी कमांड दिली तर ‘स्टेटस: अ‍ॅक्टिव्ह’ दिसतं, पण आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक) मिळालेला नसतो. वायर ठीक, कार्ड ठीक, फक्त पलीकडे डीएचसीपीला (आपोआप आयपी पत्ता मागण्या-देण्याच्या पद्धतीला) उत्तर द्यायला अजून कुणी जागं झालेलं नाही. हा पत्ता मागणारा प्रोग्रॅम, डीएचक्लायंट, मिनिटभर विचारत राहतो, मग ‘नो डीएचसीपीऑफर्स रिसीव्ह्ड’ असं लिहून थांबतो. पुढचा प्रयत्न मूळ सेटिंगप्रमाणे पाच मिनिटांनी. तोवर बाकीच्या सेवा नेटवर्कविना सुरू होऊन गेलेल्या असतात. वायरच सुटली असेल तर त्याच जागी ‘नो कॅरियर’ येतं. हा फरक आधी बघायचा, निम्मा शोध तिथेच संपतो.

सर्व्हरला डीएचसीपीवर ठेवण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत झालंय. आरसी.कॉन्फ या सिस्टीमच्या सेटिंगच्या एकाच फाइलमध्ये ईएम० या (इंटेलच्या) पोर्टला १९२.१६८.१.१० हा कायमचा पत्ता दिला, डिफॉल्टराउटरमध्ये राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ लिहिला, आणि नेटवेट चालू केलं. नेटवेट म्हणजे बूट होताना दिलेल्या पत्त्याला पिंग करत (‘आहेस का?’ असं विचारत) थांबणारी छोटी स्क्रिप्ट. उत्तर आलं की पुढच्या सेवांना वाट मोकळी. मुळात ती ६० सेकंद थांबते. आमच्या राउटरला ते पुरत नाही, म्हणून नेटवेट_टाइमआउट २४० केलाय. याची किंमत आहे. राउटर बंदच पडला असेल तर सर्व्हर चार मिनिटं उगाच खोळंबतो, आणि ऑफिसातल्या ऑफिसात फाइली द्यायला तर राउटरची गरजही नसते. तरी मला हे चालतं, कारण उशीर कशामुळे होतोय ते स्क्रीनवर दिसतं.

कायमचा पत्ता दिल्यावर एक नवीनच प्रकार झाला. सर्व्हर बूट व्हायचा, कधी फाइली उघडायच्या, कधी नाही. कन्सोलवर (सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवर) मात्र कारण लिहिलेलं होतं: ‘एआरपी:’, पुढे एक मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), आणि ‘इज युझिंग माय आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१० ऑन ईएम०!’ म्हणजे दुसरंच कुणीतरी आपला पत्ता वापरत होतं. तो मॅक पत्ता प्रिंटरच्या पाठीवरच्या स्टिकरशी जुळला. राउटर २ पासून २५४ पर्यंत सगळेच पत्ते वाटत होता, त्यातला १० प्रिंटरला मिळाला होता. राउटरमध्ये वाटपाची सुरुवात १०० पासून केली, प्रिंटर बंद-चालू केला, प्रश्न मिटला. कर्नल (सिस्टीमचा गाभा) स्वतःहून भांडणाचं कारण आणि समोरच्याचा पत्ता दोन्ही सांगतो, याचं मला मनापासून कौतुक आहे.

सगळ्यात अवघड कोडं घड्याळाचं होतं. पीसी जुना, मदरबोर्डवरचा सेल संपलेला. लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे. डीएनएससाठी (नावावरून आयपी पत्ता शोधायला) मी सर्व्हरवरच चालणारा लोकल अनबाउंड हा प्रोग्रॅम वापरतो, तो उत्तर खरं आहे का हे बघायला डीएनएसएसईसीच्या ठरावीक मुदतीच्या डिजिटल सह्या तपासतो. तारीख चुकीची असली की त्याला सगळ्याच सह्या अवैध वाटतात आणि तो एकही नाव सोडवत नाही. नाव सुटत नाही म्हणून एनटीपीडीला (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला) वेळेचा सर्व्हर सापडत नाही, आणि वेळ मिळत नाही म्हणून तारीख दुरुस्त होत नाही. आयपीला पिंग जातं पण नावाला जात नाही, असं दिसलं तर आधी ‘डेट’ टाइप करून बघा. सीआर २०३२ सेल बदलला आणि एनटीपीडीच्या एनटीपी.कॉन्फ या फाइलमध्ये एक सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने लिहिला. दोन्ही करा, नुसत्या सेलवर विसंबू नका.

आरसी.कॉन्फबद्दल एक इशारा. ही फाइल म्हणजे शेल स्क्रिप्टच (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) आहे. एक अवतरणचिन्ह सुटलं तर नुसतं नेटवर्क जात नाही, बूटच थांबतं आणि सिंगल युझर मोडमध्ये (दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) शेलचा, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमचा, मार्ग विचारला जातो. एंटर दाबायचं, ‘माउंट -यू /’ करून डिस्क लिहिण्याजोगी करायची, आणि नेहमीचा एडिटर हाताशी नसेल तर /रेस्क्यू/व्हीआय आहेच. त्यापेक्षा बदल सिसआरसी या कमांडनेच करावेत. हाताने केलेच तर ‘एसएच -एन’ लावून फाइल न चालवता तिची मांडणी तपासावी. लांबून एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवरून कमांड देत) असाल तर नेटइफ (नेटवर्क पोर्टची) आणि राउटिंग (रस्ता ठरवणारी) या दोन्ही सेवा एकाच ओळीत रीस्टार्ट करा. नुसतं नेटइफ केलं तर डिफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा रस्ता) उडतो आणि तुम्ही बाहेर राहता.

लिनक्सवाल्या मित्रांशी तुलना निघतेच. तिथे नवीन कार्ड बसवलं की पीसीआय बसचा (कार्डं जोडण्याच्या मार्गाचा) क्रमांक सरकून पोर्टचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होऊ शकतं आणि जुनी सेटिंग निरुपयोगी ठरते. इथे नाव ड्रायव्हरवरून पडतं. मी रियलटेकचं जादा कार्ड बसवलं, ते आरई० झालं आणि ईएम० जागेवर राहिला. एकाच ड्रायव्हरची दोन कार्डं असतील तर मात्र क्रमांकांची अदलाबदल इथेही होऊ शकते. बूटचे संदेश भराभर वर जातात, तेव्हा स्क्रोल लॉक दाबून पेज अप करा, मागचं सगळं वाचता येतं. सिसलॉग.कॉन्फ या नोंदींच्या सेटिंगमधली कन्सोल.इन्फोची ओळ (पुढचं # काढून) चालू केली की तेच संदेश फाइलमध्येही राहतात. ही ओळ मुळातच चालू का ठेवत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

दुसरी तक्रार त्या रियलटेक कार्डाची. सोबत येणाऱ्या ड्रायव्हरवर मोठी फाइल जाताना ते मध्येच बंद पडायचं. पोर्ट्समधला (फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहातला) रियलटेक-आरई-केमॉड हा ड्रायव्हर टाकून लोडर.कॉन्फ या बूटच्या सेटिंगमध्ये ओळी घातल्यावर सुधारलं. पण तो ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, आणि टाकायला नेटवर्क लागतं. त्यामुळे या कामासाठी जुना पीसी घेत असाल तर दुकानातच मागची बाजू बघून, बायोसमध्ये जाऊन इंटेलचा पोर्ट आहे ना याची खात्री करून घ्या. तो नसेल तर पेनड्राइव्हवर ड्रायव्हरचं पॅकेज आधीच उतरवून ठेवा.