टाचेची अल्ट्रासाऊंड तपासणी की डेक्सा?

रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता तपासून घ्यायचे ठरले की दोन पर्याय समोर येतात: शिबिरात काही मिनिटांत होणारी टाचेची अल्ट्रासाऊंड तपासणी आणि त्यासाठी बहुधा मोठ्या शहरात जावे लागणारा डेक्सा स्कॅन. दोन्हींच्या अहवालावर टी-स्कोअर (तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीशी केलेली तुलना; तो जितका उणे, तितके हाड विरळ) छापलेला असतो आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण खुब्यातून आणि कमरेच्या मणक्यांतून पाठवून तेथील खनिजांचे प्रमाण मोजतात. अल्ट्रासाऊंडचे यंत्र खनिज मोजत नाही. ध्वनिलहरी टाचेच्या हाडातून किती वेगाने गेल्या आणि वाटेत किती क्षीण झाल्या, एवढेच ते पाहते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारासाठी ठरवलेली उणे २.५ ही मर्यादा क्ष-किरणांनी मोजलेल्या घनतेवर आधारलेली आहे, त्यामुळे ती टाचेच्या आकड्याला लावता येत नाही. टाचेचा टी-स्कोअर उणे १.८ आला म्हणून निश्चिंत झालेल्या बाईंचा खुबा प्रत्यक्षात ठिसूळ असू शकतो, आणि उणे २.६ पाहून घाबरलेल्या बाईंना कदाचित औषधाची गरजही नसते. शिबिरातल्या एका आकड्यावर वर्षानुवर्षांची औषधे सुरू होणे मला अतिशय चिंताजनक वाटते.

तरीही ही तपासणी निरुपयोगी ठरत नाही. फ्रान्समध्ये ७५ वर्षांवरील स्त्रियांच्या एपिडोस अभ्यासातून १९९६ मध्ये असे दिसले की टाचेच्या मोजमापावरून खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका चांगल्या प्रकारे वर्तवता येतो. जिथे डेक्साचे यंत्र शंभर किलोमीटरवर आहे, तिथे आधी कोणाला पाठवावे हे ठरवायला तिचा खरा उपयोग आहे. मात्र तो निर्णय त्या विशिष्ट यंत्रासाठी ठरलेल्या मर्यादा आणि वय, आधीचा अस्थिभंग, आई-वडिलांच्या खुब्याचा अस्थिभंग, स्टेरॉइडची औषधे यांसारख्या गोष्टी एकत्र पाहून व्हायला हवा. पायाला सूज असेल किंवा टाच नीट बसली नसेल, तर आकडा बदलतो.

क्ष-किरणांच्या भीतीने डेक्सा टाळू नये, कारण त्यातील किरणोत्सर्ग साधारणपणे एखाद-दुसऱ्या दिवसात निसर्गातून मिळतो तेवढाच असतो. डेक्सालाही मर्यादा आहेत: उतारवयात झिजलेल्या मणक्यांभोवती वाढलेले हाड घनता खोटी वाढवून दाखवते, म्हणून अशा वेळी खुब्याच्या मोजमापावर अधिक भर द्यावा. उपचारांचा परिणाम पाहायचा असेल, तर टाचेची तपासणी चालत नाही. डेक्साच, आणि शक्यतो त्याच केंद्रातील त्याच यंत्रावर करावा.

साध्या पडण्याने खुबा किंवा मणका आधीच मोडला असेल, तर यांपैकी कोणत्याही तपासणीचा आकडा चांगला आला म्हणून उपचार टाळू नयेत. तो अस्थिभंगच उपचारांना पुरेसे कारण आहे, आणि डेक्सा तेव्हा पुढील तुलनेसाठी करून ठेवावा.