जुन्या महिंद्रा पिकअपला मोठी चाकं: 85,400 रुपयांचा चुना

जीपच्या सांगाड्यावरचा जुना, पाच नटांचा महिंद्रा पिकअप असेल आणि 6.00-16 ची बारीक चाकं काढून रुंद चाकं घालायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. हिशेब असा: ‘जीप पीसीडीच्या’ (पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) चार अलॉय रिम, प्रत्येकी 9,500, म्हणजे 38,000. नव्या थारचे ‘काढलेले, जेमतेम 500 किलोमीटर चाललेले’ 245/75 आर 16 टायर, प्रत्येकी 11,000, म्हणजे 44,000. वीस नट 1,800. फिटिंग आणि बॅलन्सिंग 1,600. चाळीस हजार आधी यूपीआयने, उरलेले 45,400 रोख. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी वेगळा पडेल, साहेब’. हातात आली ती कच्ची पावती.

रिम जीपच्या 139.7 मिमी पीसीडीच्या नव्हत्याच. 160 पीसीडीच्या कुठल्याशा एसयूव्हीचा तो जुना माल. त्यात भोक केंद्रापासून 80 मिमीवर असतं, जीपला हवं 69.85 वर. म्हणजे प्रत्येक भोक 10 मिमी आत सरकवायचं. नवं भोक जुन्याला चिकटूनच पडतं, मग जुन्याचा उरलेला भाग वेल्डिंगने भरायचा, ग्राइंडर मारायचा, पुट्टी लावायची, वर मॅट काळा रंग. नटाची निमुळती बैठक अर्धी मूळ धातूवर, अर्धी वेल्डिंगवर. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचं अॅल्युमिनियम मऊ पडलेलं असतं, ते नटाखाली दबतं आणि नट सैल होतो. आवळा, पुन्हा सैल. शेवटी तडा. पुढच्या डाव्या रिमला गेलाच, भोकापासून स्पोककडे, नखाएवढा; रंग खरवडल्यावर दिसला.

आता ज्या गोष्टीने अजून डोकं फिरतं ती. चाकं समोर आली तेव्हा पाचही भोकांवर मास्किंग टेप होती. दुकानदार म्हणाला, ‘रंग ओला आहे, बसवताना काढू.’ अरे, ओल्या रंगावर टेप कोण लावतं? रंग ओला तर टेप चिकटणार नाही, आणि टेप चिकटली तर रंग वाळलेला. इतकं साधं! मोजायचा व्हर्निअर गाडीतच पडलेला होता. पण मी काही काल जीप घेतलेला माणूस नाही, आणि तरीही घाई झाली, कारण 139.7 च्या धड रिम बाजारात रोज मिळत नाहीत आणि ‘संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय’ हे वाक्य असतंच.

शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. जीपला ते 82.1 मिमी येतं, 160 पीसीडीला 94. भोकाच्या मागच्या बाजूलाही बोट फिरवा, गाठ लागली तर चालू पडा.

दुसरी खूण फिटरनेच दिली होती. जुन्या जीपांच्या डाव्या बाजूचे स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट, उलट्या आट्यांचे असतात, टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. स्वतःला जीपवाला म्हणवणाऱ्या दुकानात फिटरने नट सोडवायला नेहमीच्याच दिशेने गन लावून दोन स्टड तोडले. डाव्या बाजूला उलट्या आट्यांचेच नट लागतात; वीसच्या वीस एकाच जातीचे देणारा जीपवाला नव्हे.

मग स्पेसर. एसयूव्हीच्या रिमची हबवर टेकणारी बैठक बाहेरच्या कडेजवळ असते, त्यामुळे टायर आत जातो आणि पूर्ण स्टिअरिंग मारलं की स्प्रिंगच्या पाट्यांना घासतो. उपाय म्हणून स्टडवर सरकवायचा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणारी जाड चकती, ‘फुकट’ दिला. त्याने स्टड आखूड पडतात. अर्ध्या इंची स्टडवर नट बोटाने लावल्यापासून निदान 10 फेरे बसले पाहिजेत. इथे पाच बसत होते. आतल्या कडेवर पट्टी आडवी ठेवून बैठकीपर्यंतचं अंतर घेतलं तर हे विकत घेण्याआधीच कळतं.

टायरवरचे शेवटचे चार आकडे 1418, म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. ज्या नव्या थारचे काढलेले म्हणून विकले ती बाजारात आली ऑक्टोबर 2020 मध्ये! आकडे आतल्या बाजूला फिरवून टायर चढवले होते. बाहेर आकडे नसतील तर गाडीखाली वाका.

टायर अस्सल असते तरी व्यास सुमारे 720 वरून 774 मिमी होतो. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 64-65 ला असते, ब्रेक जुने ड्रमचे, आणि पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंगवर भार वाढतो. हे दुकानदार सांगत नाही.

तक्रारीची कथा तर विचारूच नका. ठाण्यात म्हणाले, हा व्यवहारातला वाद, दिवाणीत जा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणाले, माल मिळाला ना, मग ऑनलाइन फसवणूक कुठली, ठाण्यात जा. आरटीओत रिम दाखवल्या तर साहेबांनी रिमकडे न बघता विचारलं, कंपनीची चाकं बदललीच का, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आधी तुमच्यावरच कारवाई करू का? वेल्ड केलेली रिम विकणारा मोकळा, दाखवायला नेणारा आरोपी! 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा नोंदणी क्रमांक मिळाला, मग ‘दुकानाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद’. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तक्रार केली ना बाबांनो? ठाणं गुन्हा नोंदवत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा. तोंडी सांगून पोचपावतीही मिळत नाही.

सध्या प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. कच्ची पावती, यूपीआयची नोंद, भोकांवर व्हर्निअर ठेवून काढलेले फोटो आणि लेथवाल्याचं सहीशिक्क्याचं पत्र जोडलंय. दुकानदार रिम परत घ्यायला तयार आहे, 6,000 रुपयांत, तेही चारही मिळून. देणार नाही. निकालापर्यंत त्या पुरावा म्हणून पडून राहतील, नंतर भंगारात देताना करवतीने मधोमध कापून देईन, नाहीतर नवा रंग आणि नवी टेप लावून पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतील.