पाय चार्टचा रेडिमेड साचा : पाच महिने वापरल्यानंतर

मी स्टाफ नर्स आहे. यूकेच्या नर्सिंग रजिस्ट्रेशनसाठी आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा दिली. रायटिंगला किमान साडेसहा हवे होते, पहिल्या खेपेला सहा आले. मग एका क्लासची टास्क वनच्या, म्हणजे रायटिंगमधल्या चार्टचं वर्णन करायच्या पहिल्या प्रश्नाच्या, साच्यांची पीडीएफ घेतली, ४९९ रुपयांना. बारा पानं, त्यातली तीन पाय चार्टची, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यांनी वाटे दाखवणाऱ्या चित्राची. त्या तीन पानांबद्दलच लिहितेय.

पहिला महिना मी खूश होते. वीस मिनिटांत १५० शब्द लिहायचे म्हटलं की माझी पहिली पाच मिनिटं पेन चावण्यात जायची. साचा हाताशी आल्यावर ते थांबलं. ‘द गिव्हन पाय चार्ट्स इलस्ट्रेट’ने सुरुवात करायची, मोठा तुकडा, मग त्याहून लहान, मग उरलेले. गाळलेल्या जागा भरा, बस.

आमच्या वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरनी ही परीक्षा आधी दिलेली. त्यांना चार उत्तरं दाखवली. म्हणाल्या, “अगं, आकडे सगळे आलेत. पण चित्र काय सांगतंय ते कुठंय?” खरंच नव्हतं. साच्यातलं ओव्हरव्ह्यूचं, म्हणजे एकूण चित्र सांगणारं, वाक्य होतं, ‘ओव्हरऑल, देअर वेअर सिग्निफिकंट डिफरन्सेस’. हे वाक्य जगातल्या कुठल्याही पाय चार्टखाली चालेल, म्हणजे ते काहीच सांगत नाही. आणि गाडी अडते ती इथेच. मार्किंगचे निकष उघड आहेत. सात बँडला, म्हणजे सात गुणांना, मुख्य फरक दाखवणारा स्पष्ट ओव्हरव्ह्यू लागतो. नुसते आकडे ओळीने मांडले आणि ओव्हरव्ह्यू धड नसला, तर ते वर्णन पाचच्या खान्यात बसतं.

दुसरी गोष्ट मला नाइट ड्यूटीत कळली. वॉर्डात २४ पेशंट, त्यातले नऊ डेंग्यूचे. पुढच्या आठवड्यात १२ पेशंट आणि डेंग्यूचे सहा. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन वर्तुळं काढली. पहिल्यात डेंग्यूचा तुकडा साडेसदतीस टक्के, दुसऱ्यात पन्नास. तुकडा फुगला, डेंग्यूचे पेशंट मात्र तीनने कमी झाले! पाय चार्ट वाटा दाखवतो, एकूण आकडा शेजारी दिला नसेल तर संख्या नाही. साच्यात मात्र सगळीकडे ‘द नंबर ऑफ’ छापलेलं. तिथे ‘द प्रपोर्शन ऑफ’ हवं. मी महिनाभर चुकीचं घोकत होते.

तशीच आणखी एक चूक. ३० टक्क्यांचे ४५ झाले तर साचा म्हणतो, १५ टक्क्यांनी वाढ. ती १५ परसेंटेज पॉइंट्सची वाढ असते. टक्क्यांत मोजाल तर ५० टक्के. शिवाय दोन ठिकाणी चक्क ‘सिक्स्टी परसेंटेज ऑफ पीपल’ छापलंय, हवं ‘सिक्स्टी परसेंट’. पैसे घेऊन विकताना निदान एवढं तरी तपासावं. ‘सोअर्ड’, ‘प्लमेटेड’ अशा शब्दांची यादी अर्धं पान खाते. एकाच वर्षाचा चार्ट असेल तर तिथे काहीच चढत-उतरत नाही, मग त्यांचं लोणचं घालायचं का?

कारणं देऊ नका, ही सूचना मात्र साच्यात ठळक होती आणि मला तिची गरज होती. पावसाळा, साचलेलं पाणी, डास... नर्सला राहवत नाही. टास्क वनमध्ये चार्टमध्ये नाही ते लिहायचं नसतं.

खरं कौतुक अपूर्णांकांच्या पानाचं. २४ टक्के म्हणजे ‘जस्ट अंडर अ क्वार्टर’, ३४ म्हणजे ‘जस्ट ओव्हर अ थर्ड’. हे मला फार सोपं गेलं, कारण डोक्यात पाव, अर्धा, पाऊण आधीच बसलेले. ‘पावाला जरा कमी’ मनात म्हणायचं आणि इंग्रजीत उतरवायचं. ‘अकाउंट्स फॉर’ आणि ‘मेक्स अप’ आलटून पालटून कसं वापरायचं, तेही इथलंच.

शेवटच्या दोन महिन्यांत पद्धत बदलली. पहिली तीन मिनिटं पेन खाली. सर्वांत मोठं कोण, दोन चार्टमध्ये जागा कुणी बदलली, कोण तसंच राहिलं, एवढं बघायचं आणि ओव्हरव्ह्यू आधी लिहून टाकायचा.

दुसऱ्या खेपेला साडेसहा आले. त्याचं श्रेय पीडीएफला फार देणार नाही, कारण टास्क टूला, म्हणजे निबंधाला, दुप्पट वजन असतं आणि माझा निबंधही सुधारला होता. माझी प्रिंट आता वॉर्डातली एक ज्युनियर मागतेय. अपूर्णांकांचं पान तेवढं फाडून देणार आहे.