डोंगरी तालुक्यातल्या झेडपी शाळा: वाडीची, गावातली की केंद्रशाळा?

पाटण, जावळी, भोर अशा डोंगरी तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा ढोबळमानाने तीन प्रकारच्या दिसतात. वाडीवरची पंधरा-वीस पटाची, चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा. गावठाणातली पन्नास-साठ पटाची. आणि बाजाराच्या गावची सातवीपर्यंतची केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची (केंद्राची) मुख्य शाळा. पालकांचा ओढा केंद्रशाळेकडे असतो. तिथे रंगवलेल्या भिंती असतात, मोठा स्क्रीन असतो, फाटकावर शिष्यवृत्तीधारकांचा फ्लेक्स असतो. पण यांपैकी एकाही गोष्टीवरून मूल तिथे वाचायला शिकेल की नाही, हे कळत नाही.

आधी शिक्षक मोजावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार आणि 121 ते 200 ला पाच. म्हणजे 58 पटाच्या पाचवीपर्यंतच्या शाळेत दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. वाडीच्या शाळेत तेच दोघे अठरा मुलांना शिकवतात. वर्गांची जोडी तिथेही लावावी लागते, पण प्रत्येक वहीवरून शिक्षकाची नजर फिरू शकते. संचमान्यता, म्हणजे शाळेला दरवर्षी मंजूर होणारी शिक्षकांची पदं, पटावर ठरते, त्यामुळे पट नेमका काठावर असेल तर पुढच्या वर्षी एक पद जाण्याची शक्यता धरून चालावं.

जोड्या कशा लावल्यात, हे जरूर विचारा. पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असेल तर वाचन आणि संख्याज्ञान एकत्र घेता येतं. पहिलीला चौथीच्या खोलीत बसवलं असेल तर पहिलीची मुलं दिवसभर पाटीवर तेच ते अक्षर गिरवत राहतात. वाडीच्या शाळेचा खरा धोका वेगळा आहे: दोघांपैकी एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या बैठकीला गेला की सगळी शाळा एकट्यावर येते. म्हणून मंजूर पदं आणि भरलेली पदं वेगवेगळी विचारावीत. शिक्षक या शाळेत किती वर्षं आहेत, हेही विचारावं. शाळेचं नाव एकाच शिक्षकामुळे झालं असेल आणि त्यांची बदली जवळ आली असेल, तर त्या नावावर विसंबून प्रवेश घेऊ नये. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) महत्त्व इथेच आहे. मुलांनी स्वतः करून, हाताळून शिकण्याची ज्ञानरचनावादी पद्धत तिथे एका शाळेपुरती न राहता बीटातल्या शाळांमध्ये रुजली: फरशीवर आखलेले खेळ, मुलांच्या उंचीवर फळे, मोजायला मण्यांच्या माळा.

शिकणं तपासायला दहा मिनिटं पुरतात. शिक्षकांची परवानगी घेऊन तिसरीतल्या चार-पाच मुलांना दुसरीच्या पातळीचा, पण पुस्तकात नसलेला उतारा वाचायला द्या. बालभारतीतला धडा नको, तो पाठ झालेला असतो. मग 52 वजा 27 मांडा. उत्तर 35 आलं तर मूल हातचा न घेता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. दशक-एकक वस्तू हाताळून शिकवलेलं नाही. पाचवीला 618 भागिले 6 द्या. 103 ऐवजी 13 लिहिणारी मुलं जास्त असतील तर भागाकार नुसत्या पायऱ्या घोकून घेतलाय. मुलं मागच्या बाकांवरचीही निवडा, कारण पाहुण्यांसमोर नेहमीची हुशार दोघं-तिघंच पुढे येतात. या कसोटीवर चांगली चाललेली लहान शाळा मोठ्या शाळेच्या पुढे जाऊ शकते.

फ्लेक्सवरच्या शिष्यवृत्तीचा आकडा वर्गाच्या पटाशी लावून पाहावा. या परीक्षेला दोन पेपर, प्रत्येकी 150 गुण, विषय भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. चाळीसच्या वर्गातून निवडक आठ जणच बसवून सहा पात्र ठरले, तर त्यावरून उरलेल्या बत्तीस जणांबद्दल काहीच समजत नाही. पट किती, बसले किती, पात्र किती, हे तिन्ही आकडे मागावेत.

डिजिटल वर्गाचं वजन कमीच धरावं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान 30 पटापर्यंत वर्षाला 10,000 आणि 31 ते 100 पटाला 25,000 रुपये. खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सगळं त्यातूनच भागवायचं, आणि वीजबिलही. बिल थकून जोडणी तुटली की स्क्रीन धूळ खात पडतो. तो चालू करून दाखवायला सांगणं मुळीच उद्धटपणाचं नाही.

पोषण आहारासाठी दुपारच्या सुट्टीत जावं. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे धान्य 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20, भाजी 50 आणि तेल 5 ग्रॅम. चाळीस मुलं हजर असतील तर तांदूळ 4 किलो, डाळ 800 ग्रॅम, भाजी 2 किलो, तेल 200 ग्रॅम. खिचडीत भाजी शोधावी लागत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना विचारा. समितीत 75 टक्के पालक असतात, त्यामुळे जाब विचारण्याची जागा गावातच आहे. तांदळाची पोती जमिनीला टेकलेली नसावीत. मुलींच्या शौचालयात पाणी आहे का आणि त्याला कुलूप तर नाही ना, हेही त्याच फेरीत बघून घ्यावं.

आमचा कौल असा. घर वाडीवर असेल, दोन्ही पदं भरलेली असतील आणि तिसरीची मुलं न पाहिलेला उतारा वाचत असतील, तर चौथीपर्यंत वाडीचीच शाळा घ्यावी. सहा वर्षांच्या मुलाने पावसाळ्यात ओढा ओलांडून केंद्रशाळेला जाण्यात हाती फारसं लागत नाही, उलट जुलै-ऑगस्टची हजेरी बुडते. एकच शिक्षक असेल तर मात्र गावची शाळा बरी. पाचवीपासून केंद्रशाळेचा विचार करावा. तिथेही सहावी-सातवीला गणित आणि इंग्रजी कोण शिकवतं, ते आधी विचारावं. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. जन्मदाखला हाती नसला तरी त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.